मोठेपणी तायक्वांदो शिकायचंय? मराठवाड्यात क्लास शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची परभणीची, सरकारी कार्यालयात कारकून. अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तायक्वांदोच्या क्लासला गेले तेव्हा सरांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "मुलाचं नाव काय? कितवीत आहे?" मलाच शिकायचंय म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढे बदली होऊन छत्रपती संभाजीनगरला आले. तिथे दुसरा क्लास धरला, तो सोडला, मग तिसरा सापडला. आता ओळखीतल्या बायका, त्यांचे नवरे, कार्यालयातली तरुण मुलं विचारत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

माझं वय चाळीस (किंवा पस्तीस, किंवा बावन्न) आहे. उशीर झाला का?

ऑलिंपिकला जायचं असेल तर झाला. बाकी कशालाही नाही.

तायक्वांदोचे ढोबळ दोन भाग आहेत. एक क्योरुगी, म्हणजे समोरासमोरची लढत. सिडनीत २००० साली तायक्वांदो पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये आला, तो याच प्रकारात. दुसरा पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. पूमसेच्या जागतिक स्पर्धेत वयोगट असतात आणि ते पासष्टीच्या पुढेही जातात. त्यामुळे हौस असेल तर स्पर्धेचं दारही बंद नाही.

बदलतं ते एवढंच की शरीर सावरायला वेळ घेतं. बारा वर्षांचं पोरगं संध्याकाळी पडतं आणि सकाळी शाळेत पळतं. आपल्याला मांडीची शीर धरली की तीन आठवडे जिना चढताना आठवण येते. बीपी, शुगर, जुनं गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तसं सरांना सांगा. लपवू नका. मी लपवलं होतं. त्याची गोष्ट खाली आहे.

क्लासमध्ये सगळी शाळेतली पोरंच दिसतात. मोठ्यांची वेगळी बॅच कुठे असते?

फार थोड्या ठिकाणी. तायक्वांदो शालेय स्पर्धांत आहे, खेळाडू मुलांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, त्यामुळे आईवडील मुलांना घालतात आणि सरांचं घर त्या फीवर चालतं. त्यांनी आपल्या दोघा-तिघांसाठी वेगळा तास ठेवावा ही अपेक्षा चुकीची नाही, पण ती पुरी होईलच असं धरून चालू नका.

पोरांबरोबर उभं राहायची तयारी ठेवा. पहिले आठ दिवस लाज वाटते. कुणी "काकू" म्हणतं, कुणी "मॅडम". एक सहावीतली मुलगी मला रोज सांगायची, "काकू, तुमचा पाय वळंना." तिचं बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र तपासा. पट्ट्यांच्या क्रमाने रांगा लावतात तेव्हा पांढऱ्या पट्ट्याची मोठी माणसं कुठे उभी करतात? शेवटी कोपऱ्यात उभी करून विसरून जात असतील तर तुमचंही तेच होणार.

बोर्डावर 'कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, सेल्फ डिफेन्स' सगळंच लिहिलंय. आत नेमकं काय शिकवतात?

आपल्याकडे सगळ्यालाच "कराटे क्लास" म्हणायची पद्धत आहे, त्यात सरांचा दोष नाही. बाहेर उभं राहून कान द्या. आकडे "हाना, दुल, सेत, नेत" असे मोजत असतील तर कोरियन, म्हणजे तायक्वांदो. "इची, नी, सान" ऐकू आलं तर जपानी, म्हणजे कराटे. गणवेशही सांगतो. वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीचा डोबोक गळ्यातून घालायचा असतो, पुढे व्ही आकाराची पट्टी असते. कराटेचा अंगरखा एकावर एक भाग घेऊन बांधतात.

एकच माणूस एका तासात चार कला शिकवत असेल तर मी तिथून परत येईन. दोन वेगळ्या तासांत दोन कला शिकवत असेल आणि दोन्हींत त्याचं शिक्षण झालेलं असेल तर हरकत नाही. असे लोक आहेत.

डब्ल्यूटी आणि आयटीएफ हा काय प्रकार आहे? कोणता क्लास चांगला?

थोडा इतिहास सांगते, कारण इथेच लोक गोंधळतात. जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो फेडरेशन काढलं. ते आयटीएफ. नंतर दक्षिण कोरियात १९७३ मध्ये जागतिक तायक्वांदो फेडरेशन उभं राहिलं. त्याचं नाव २०१७ पासून नुसतं 'वर्ल्ड तायक्वांदो' आहे. ऑलिंपिक याच्याकडे. सोलमधलं कुक्कीवॉन हे १९७२ साली उघडलेलं मुख्यालय या पद्धतीच्या काळ्या पट्ट्यांची प्रमाणपत्रं देतं.

शिकताना फरक असा पडतो: डब्ल्यूटीच्या लढतीत छातीवर होगू, म्हणजे जाड कवच असतं, डोक्याला लाथ चालते पण ठोसा चालत नाही आणि सगळा भर पायांवर. आयटीएफमध्ये हातांना आणि पायांना गाद्या असतात, चेहऱ्याकडे ठोसा चालतो. डब्ल्यूटीत नवशिके 'तेगुक' नावाचे आठ पूमसे शिकतात. आयटीएफमध्ये 'चोन-जी'पासून सुरू होणारे एकूण चोवीस 'तुल' असतात.

मराठवाड्यात तुम्हाला बहुतेक डब्ल्यूटीच सापडेल. घराजवळ आयटीएफचा चांगला शिक्षक असेल आणि डब्ल्यूटीचा वाईट, तर आयटीएफला जा. उलट असेल तर उलट. चाळिशीत शिकणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही.

सरांचा ब्लॅक बेल्ट खरा आहे हे कसं कळणार?

विचारा. "सर, तुमचा दान कितवा? प्रमाणपत्र कुणाचं?" एवढे दोन प्रश्न. दान म्हणजे काळ्या पट्ट्याची पायरी. कुक्कीवॉनच्या दान प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ज्याचं खरं आहे तो उलट खूश होऊन भिंतीवरची फ्रेम काढून दाखवतो. तिसऱ्या क्लासच्या सरांनी मला चहा पाजून दाखवली होती.

भारतातल्या संघटनांचं मात्र अवघड आहे. राष्ट्रीय पातळीवर एकाहून जास्त संघटना "आम्हीच अधिकृत" म्हणत आल्या आहेत आणि त्याचे पडसाद जिल्ह्यापर्यंत येतात. एकाच शहरात दोन 'जिल्हा संघटना' दिसल्या तर चक्रावू नका. स्पर्धा खेळायच्या नसतील तर या भांडणाशी तुमचा संबंध नाही. मुलालाही घालणार असाल तर मात्र जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा की शालेय स्पर्धेचं काम सध्या कोणाबरोबर चालतं.

खरा दान म्हणजे चांगला शिक्षक असंही नाही. तो चांगला खेळाडू होता एवढंच त्यातून कळतं.

एक दिवस बघायला गेले तर काय बघू?

हा खरा प्रश्न, आणि हाच सगळ्यात कमी लोक विचारतात. बहुतेक जण फी आणि वेळ विचारून परततात. भिंतीवरचे चषक बघून भारावतात. चषक पोरांनी आणलेले असतात, ती पोरं आता पुण्याला इंजिनियरिंगला असतात.

पूर्ण तास बसा. पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं जास्त नीट बघा. अंग गरम करायच्या आधीच पाय ताणायला लावतात का? कुणी मागून खांद्यावर भार देऊन पाय फाकवायला लावतो का? तसं दिसलं तर निघा. थंड स्नायू जबरदस्तीने ताणण्याने आमच्यासारख्यांचं नुकसान होतं.

मग वर्गातलं सगळ्यात कच्चं कोण आहे ते शोधा. जाडसर मुलगा असेल, नवी आलेली मुलगी असेल, एखादे काका असतील. तासभर त्याच्याकडेच लक्ष ठेवा. सर त्याच्यापाशी किती वेळा येतात? आल्यावर नुसतं "जोर लाव, जोर लाव" म्हणतात की काहीतरी नेमकं सांगतात? वर्गातली बाकीची त्याला हसली तर सर काय करतात? चपळ पोराला शिकवायला शिक्षक लागतच नाही, ते बघूनच शिकतं. शिक्षकाची परीक्षा कच्च्या माणसापाशी होते आणि तुम्ही आत गेलात की ते कच्चं माणूस तुम्हीच असणार आहात.

आता माझी गोष्ट. शहरातल्या त्या दुसऱ्या क्लासमध्ये दोलयो चगी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, रोज शंभर शंभर मारायला लावायचे. खाली नुसती फरशी. दोन महिन्यांत डावा गुडघा आतून दुखायला लागला. काही दिवस बोलले नाही, मग सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, वयाचं आहे ते. तेल लावा." मला ते खरंच वाटलं. तेल लावलं, शंभर मारत राहिले. शेवटी जिना उतरता येईना तेव्हा क्लास सोडला आणि चार महिने घरी बसले.

तिसऱ्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सर्व सांगून टाकलं. सर म्हणाले, "एक मारून दाखवा, हळू." मारली. त्यांनी मारणाऱ्या पायाकडे बघितलंच नाही, उभ्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "टाच फिरत नाही तुमची. पाऊल जागेवर राहतं, कंबर फिरते, मधल्यामध्ये गुडघा पिळतो." पुढचे दोन आठवडे मी भिंतीला हात लावून फक्त टाच फिरवत होते. लाथ एकही नाही. सहावीतल्या मुलीने परभणीला तेच सांगितलं होतं, हे मला घरी जाताना आठवलं.

वय दोन्ही सरांना दिसत होतं. आधीच्यांनी तिथेच थांबून घेतलं, तिसऱ्या क्लासच्या सरांनी पुढचं बघितलं.

जागा कशी असावी? आमच्याकडे तर शाळेच्या पटांगणातच घेतात.

पटांगणात बूट घालून सराव करत असाल तर फिरत्या लाथा जपून. बुटाचा तळ मातीत रुततो, पाऊल फिरत नाही, आणि वर सांगितलं तसा गुडघा पिळतो. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय फिरतो चांगला, पण पडलात तर पडलात. सगळ्यात बरी म्हणजे एकमेकांत अडकणारी फोमची चटई. तिच्या सांध्यांत फटी पडल्या आहेत का ते पायाने चाचपून बघा, बोटं अडकतात.

पत्र्याचं शेड असेल तर मे महिन्याचा विचार करा. आमच्या परभणीचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बेचाळीस अंशांत संध्याकाळी सहालाही पत्रा तापलेलाच असतो. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचची बॅच चालवणारे सर म्हणजे शहाणे सर. पाणी प्यायला मध्ये सोडतात का, हेही विचारा. पाणी न पिता सराव करणं म्हणजे शिस्त, असं मानणारे अजून आहेत.

आणि क्लास मंगल कार्यालयात भरत असेल तर लगीनसराईत तो भरणार नाही. तेव्हा कुठे भरतो आणि त्या महिन्याची फी लागते का, आधीच विचारून ठेवा.

फी किती असावी?

गावागणिक वेगळी. आकड्यापेक्षा फी कशी मागतात ते बघा. महिन्याची महिन्याला घेणारा क्लास बरा. वर्षाची एकदम, सवलतीत, "आजच भरलीत तर" अशी भाषा आली की पर्स बंद करा. मी त्या दुसऱ्या क्लासला वर्षाची भरली होती. सोडताना परत मागितली तर "फी परत मिळत नाही" अशी पाटी दाखवली. पाटी आधीपासून होती, मी वाचली नव्हती.

वरचे खर्च मात्र खोदून विचारा: डोबोक, पट्ट्याची परीक्षा, प्रमाणपत्र, होगू आणि हेल्मेट, संघटनेची वार्षिक नोंदणी. लढत सुरू होईपर्यंत होगू विकत घ्यायची गरज नसते, क्लासमध्ये दोन-चार असतातच. मग सर "सहलीसह आंतरराष्ट्रीय स्पर्धा" सुचवतील, नावात दोन देश जोडलेली, प्रवेश फी भरली की पदक जवळजवळ नक्की. फिरायला जायचं असेल तर जरूर जा.

ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?

आठवड्यातून तीन दिवस नियमित आलात तर साधारण तीन-चार वर्षं धरा. मध्ये पिवळा, हिरवा, निळा, लाल असे टप्पे आणि क्लासप्रमाणे त्यांच्या मधल्या पट्ट्या. कोरियात रोज सराव करणारी मुलं याहून खूप लवकर पहिल्या दानला पोचतात, तेव्हा नुसते महिने मोजू नका, तास मोजा. पण आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्याला कुणी सहा महिन्यांत काळा पट्टा देतो म्हणाला तर तो पट्टा विकतोय.

शिक्षक ओळखायची माझी एक साधी खूण आहे. त्याने कधी कुणाला परीक्षेला "अजून नाही, पुढच्या वेळी" म्हणून थांबवलंय का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. मला निळ्या पट्ट्याला थांबवलं होतं. राग आला होता.

पोलीस भरतीला याचा उपयोग होतो का?

दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. व्यायाम म्हणून होतो. पण काळ्या पट्ट्याचं प्रमाणपत्र दाखवून खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बसता येत नाही. त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. "आमच्याकडे या, सर्टिफिकेटचं बघून घेऊ" असं कुणी म्हटलं तर तिथे पाऊल ठेवू नका. पडताळणीत पकडले गेलात तर नोकरी जाते, वर गुन्हा दाखल होतो.

बाई म्हणून काही वेगळं बघायचं का?

हो. महिला प्रशिक्षक असेल तर उत्तमच, पण मराठवाड्यात कमी आहेत. नसेल तर निदान मोठ्या मुली, बायका नियमित येतात का ते बघा. त्यांच्यापैकी एकीशी बाहेर, सरांच्या मागे बोला. सर पाय किंवा कंबर दुरुस्त करताना आधी विचारतात का, की सरळ हात लावतात? चांगले शिक्षक काठीने किंवा पॅडने दाखवतात, नाहीतर "हात लावू का" म्हणून विचारतात.

पांढरी पँट हा आणखी एक प्रश्न, जो कुणी सरांना विचारत नाही. पाळीच्या दिवसांत गडद ट्रॅक पँट चालेल का, हे मी तिसऱ्या क्लासच्या सरांना धीर करून विचारलं. ते म्हणाले, "कधीही चालेल मॅडम, कारण सांगायची गरज नाही." दुसऱ्या दिवसापासून चार मोठ्या मुली गडद पँटमध्ये दिसल्या. त्या इतके दिवस सुट्टी घेत होत्या.

घरच्यांचं म्हणाल तर सासूबाई सुरुवातीला "या वयात लाथा कुणाला मारायच्यात?" म्हणायच्या. आता पाहुण्यांना त्याच सांगतात.

यातून स्वसंरक्षण येतं का?

थोडं. अंतर कळतं, तोल येतो, ओरडायची भीड जाते. ही तिसरी गोष्ट बायकांसाठी फार मोठी आहे. पण खेळातल्या लढतीला नियम असतात, पंच असतो, आणि अरुंद बोळात साडी नेसून डोक्यापर्यंत लाथ जात नाही. दोन महिन्यांत "कुणालाही लोळवाल" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आमच्या तालुक्याला तायक्वांदोच नाही. काय करू?

आधी जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात चौकशी करा. तिथे सराव करणारी मंडळी बरेचदा जवळपासच्या तालुक्यांत आठवड्यातून दोन दिवस जातात आणि त्याचा बोर्ड कुठेच नसतो. संभाजीनगरात असाल तर गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल हे चौकशीचं पहिलं ठिकाण.

काहीच नसेल तर गावातला चांगला कराटे किंवा ज्युदोचा शिक्षक धरा. नांदेडला असाल तर गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गतका, म्हणजे शिखांची युद्धकला, बघायला तरी जाच. पायांची कामं वेगळी, पण शिस्त बघून आपल्या क्लासची लाज वाटते. व्हिडिओ बघून पूमसेचा क्रम पाठ करता येतो. टाच फिरते की नाही हे मात्र व्हिडिओला दिसत नाही.

क्लास आवडला नाही तर कधी सोडायचा?

दुखणं सांगितल्यावर हसण्यावारी नेलं तर त्याच दिवशी. नुसता कंटाळा आला असेल तर तीन महिने थांबा, तो जातो.

पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

डोबोक लगेच घेऊ नका. ढगळ पँट, टी-शर्ट, पाण्याची बाटली, नॅपकिन पुरे. हातापायांची नखं कापा. तासाच्या दोन तास आधीपासून पोटभर जेवू नका. घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवा, आणि जोडवीसुद्धा. चटईच्या सांध्यात अडकतात.